पहाटेचा विद्यार्थी

मे १९५४. भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक होत होती. भंडारा जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच सामावलेला होता. धानाची शेती, शेकडो तलाव, तेंदूपत्त्याची जंगले आणि विडीचा धंदा ही या भागाची ओळख. गंमत अशी, की ही पोटनिवडणूकही विडीमुळेच ओढवली होती. १९५२ मध्ये येथून निवडून आलेल्या चतुर्भुज जसाणी यांच्या विडी कंपनीचा सैनिकांच्या कँटीनसाठी विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. त्याच निवडणुकीत महार समाजातील एका उमेदवाराचा अर्ज, त्याने महानुभाव पंथ स्वीकारल्यामुळे तो अनुसूचित जातीचा उरला नाही, असे ठरवून फेटाळण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या फेब्रुवारीत ही निवडणूक रद्द ठरवली आणि भंडाऱ्याच्या मतदारांना पुन्हा मतदान करावे लागले.

मतदारसंघ द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते, तर राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण झालेली, मधुमेहाने शरीर पोखरलेले, पायांत दुखणे भरलेले. तरीही विदर्भाच्या कडक उन्हात त्यांनी प्रचारसभा घेतल्या. निकाल लागला तेव्हा मेहता विजयी झाले होते. बाबासाहेबांना मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांनी आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत केले होते. १९५२ मध्ये मुंबईत झालेल्या पराभवानंतरचा हा दुसरा पराभव. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष लोकसभेत निवडून जाऊ शकला नाही, एवढीच नोंद राजकीय इतिहासाने भंडाऱ्याच्या नावापुढे केली.

परंतु ज्या माणसाला त्या उन्हाळ्यात मते कमी पडली, त्याने भंडाऱ्याच्या मुलांसाठी काही वर्षे आधीच एक मोठे काम करून ठेवले होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत शिक्षणाच्या तरतुदीवर चर्चा चालू होती. मोफत शिक्षणाची हमी केवळ प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी, अशी सूचना पुढे आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. घटनेत अन्यत्र चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात व खाणीत कामाला लावण्यास बंदी घातली जात होती. मग त्या वयाचे मूल कामावर नसेल, तर ते कुठे तरी शाळेत असायला हवे, असा त्यांचा साधा आणि बिनतोड युक्तिवाद होता. त्यामुळे चौदा वर्षांची मर्यादा टिकली आणि ती घटनेच्या कलम ४५ मध्ये आली. जिथे विडी वळणाऱ्या हातांत लहान मुलांचेही हात मिसळलेले असत, अशा जिल्ह्यासाठी या चौदा वर्षांचा अर्थ फार मोठा होता.

मुलाचे वय, त्याचे काम आणि त्याची शाळा यांचा एकत्र विचार करण्याची ही दृष्टी बाबासाहेबांना पुस्तकांतून लाभली नव्हती. ती त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतून आली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात विद्येची आस्था होती. शाळेत मात्र जागा नव्हती. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि संध्याकाळी तो परत आणावा लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर तहान तशीच घेऊन बसायचे. शाळेच्या हजेरीपटावर नाव होते, पण शाळा आपली नाही हे रोज बजावले जात होते. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकण्याची इच्छा होती. तीही नाकारली गेली आणि पर्शियन घ्यावी लागली.

मुंबईत आणखी एक अडचण उभी राहिली. परळच्या चाळीत कुटुंबाला एकच खोली होती. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सारे तिथेच. रामजींनी त्यावर एक उपाय काढला. मुलाला ते लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग त्याला उठवीत आणि आपण झोपत. सारे घर निजलेले असताना पहाटेच्या त्या शांततेत भीमरावांचा अभ्यास होई. दिवसा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत ते पुस्तक घेऊन बसत. तिथेच विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर त्यांच्यावर पडली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीमुळे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

या काही वर्षांत भीमरावांच्या वाट्याला जे आले, त्यात गरीब विद्यार्थ्याच्या सर्व गरजा दिसतात. प्रवेश हवा, पण केवळ प्रवेश पुरत नाही. बसायला जागा हवी, दिवा हवा, वेळ हवा, फी भरण्यापुरते पैसे हवेत आणि पाठीवर हात ठेवणारे कोणी हवे. एकाच मुलाला हे सारे योगायोगाने मिळाले. ते हजारोंना योगायोगाविना मिळावे, यासाठी पुढील आयुष्यभर त्यांनी संस्था उभारल्या.

१९१२ मध्ये बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे शेजारी बसण्यास कोणी नकार देत नव्हते. १९१५ मध्ये एम.ए. करून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तर उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला शहरात राहायला घर मिळेना. कचेरीतला शिपाई कागद हातात न देता टेबलावर फेकी. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावे लागले. पदव्या मिळाल्या म्हणून समाजाची दारे आपोआप उघडत नाहीत, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांच्या अर्थशास्त्राच्या व्याख्यानांना इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही परवानगी काढून येऊन बसत. त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेपही घेण्यात आला. पगारातून पैसे साठवून आणि मित्राकडून काही रक्कम उसनी घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करून, डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबईला परतले.

त्यानंतर वर्षभरात, १९२४ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. चळवळीची संस्था म्हटली की सभा, ठराव आणि मागण्या डोळ्यांसमोर येतात. या सभेने मात्र कामाला सुरुवात केली ती तरुण मुलांपासून. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले. गिरणगावातली पोरे जुगारासारख्या नादांपासून दूर राहावीत म्हणून हॉकीचा संघ काढण्यात आला. विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. ज्यांना आतापर्यंत कोणी शाळेत नीट बसू दिले नव्हते, त्या मुलांच्या हाती मासिकाचे संपादन आले. शिक्षण घेणारा आणि शिक्षणाचे काम पुढे नेणारा हे दोघे वेगळे असायला हवेत, असे बाबासाहेबांनी मानले नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर जे हजारो लोक गेले, त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता, तो याच वर्षांच्या तयारीतून.

त्याच महिन्यात मुंबई विधिमंडळात ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. पटावर मुले वाढली म्हणून शिक्षण वाढले असे होत नाही. मूल शाळेत टिकले पाहिजे, नाहीतर चार अक्षरे शिकून बाहेर पडलेले मूल पुन्हा निरक्षर होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. गळतीचा प्रश्न आज सर्वांच्या तोंडी आहे. त्याकडे त्यांनी १९२७ मध्येच आकडे देऊन लक्ष वेधले होते. १९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली आणि सरकारी अनुदानाच्या साह्याने माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवली. मुले गळतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, राहण्याखाण्याची सोय नसते म्हणून. त्यामुळे वर्ग वाढवण्याआधी त्यांनी वसतिगृहे काढली.

१९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली. त्यातून काही तरुणांना परदेशी जाऊन शिकता आले. सयाजीरावांच्या औदार्याने जे एका विद्यार्थ्याला मिळाले होते, ते आता सरकारी अंदाजपत्रकात आले.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाच्या वेळापत्रकातच बाबासाहेबांचा शैक्षणिक विचार दिसतो. वर्ग सकाळी भरत. कचेरीत कारकुनी करणारा, दुकानात किंवा गिरणीत राबणारा तरुण सकाळी शिकून मग कामावर जाऊ शके. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या सोयीने जगावे, अशी तोवर रीत होती. इथे महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची वेळ पाहून आपली घंटा ठरवली. परळच्या खोलीत रात्री दोनला उठणाऱ्या मुलाने उभारलेले महाविद्यालय असे असणे स्वाभाविकच होते.

सिद्धार्थ महाविद्यालयात सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश होता आणि अध्यापकही सर्व समाजांतले होते. वेगळी शाळा काढून वेगळेपण पक्के करणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हता. ज्याला आजवर दाराबाहेर ठेवले, त्याने दार उघडावे आणि सर्वांना आत घ्यावे, ही त्यामागची भूमिका होती. राज्याच्या खर्चाने वा साह्याने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत जात, धर्म, वंश वा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे घटनेचे कलम २९ सांगते, त्याचा हा आधीचा प्रत्यक्ष प्रयोग होता. महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरे. तिथे मुले सरकार होत, विरोधी पक्ष होत, विधेयकांवर भांडत. बाबासाहेब स्वतः केंद्रीय मंत्री असतानाही या संसदेच्या कामात रस घेत. नियम पाळून वाद घालणे हेही शिक्षणच आहे, असे ते मानत.

त्यांचा दुसरा मोठा प्रयोग मराठवाड्यात झाला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षणाच्या बाबतीत फार मागे राहिला होता. पदवीसाठी हैदराबाद गाठणे हे गरिबाच्या मुलाला परवडणारे नव्हते. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची पायाभरणी झाली. शहराबाहेरच्या माळावर वर्ग, वसतिगृहे आणि ग्रंथालय उभे राहिले. या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. महाविद्यालयाला नाव दिले गेले ते उत्तर देणाऱ्याचे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचे. विद्यार्थ्याला बाबासाहेब कोणत्या जागी पाहत होते, हे समजण्यास तेवढे पुरे आहे.

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले शिकत, लिहीत, बोलत आणि सुट्टीत गावी जाऊन आणखी मुलांना शिकायला घेऊन येत. मराठी दलित साहित्याच्या जडणघडणीत नागसेनवनाचा वाटा मोठा आहे. ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे यांची कर्मभूमी हीच. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून मिलिंदमध्ये शिकायला गेलेले सुखदेव थोरात पुढे २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्या व्यवस्थेने एकेकाळी गोणपाटावर बसवले, त्याच व्यवस्थेच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत एका पिढीचा प्रवास झाला.

या यशाला एक काळी किनारही आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली व्यथा उघडपणे मांडली. शिकलेल्या माणसांनी समाजाकडे पाठ फिरवली, शिकून ते आपल्या पोटापुरते कारकून झाले, ही खंत त्यांनी बोलून दाखवली. ज्या तरुणांवर आयुष्यभराची उमेद लावली, त्यांच्याविषयीच ही निराशा होती. तरीही त्यांनी तरुणांना बाजूला सारले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे त्याची धुरा होती. निवडणुका दोनदा हरलेल्या माणसाने पुढच्या पिढीला लोकशाहीचे शिक्षण देण्याची शाळा काढली. शिक्षणाने माणूस स्वार्थी होत असेल तर दोष शिक्षणाच्या अपुरेपणाचा, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भंडारा तिथून साठेक किलोमीटरवर. त्या दिवशी नागपूरकडे लोटलेल्या जनसमुदायात भंडाऱ्याच्या गावागावांतली माणसे होती. दोनच वर्षांपूर्वीच्या पराभवाचे ओझे त्यांच्या मनावर नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. पुढे दीक्षाभूमीवर स्तूपाआधी महाविद्यालय उभे राहिले. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांचेच नाव आहे आणि विदर्भातल्या अनेक घरांतील पहिला पदवीधर तिथे घडला.

घटनेच्या कलम ४५ ने राज्याला दहा वर्षांची मुदत दिली होती. ती १९६० मध्येच संपली. चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती आणि तो अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. १९८६ च्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना विडी वळण्याच्या कामावर ठेवण्यास बंदी घातली, पण घरच्या घरी चालणाऱ्या कामाला त्यातून वगळले. विडी तर बहुतेक घरीच वळली जाते. २०१६ मध्ये कायदा कडक झाला, तरी धोकादायक न ठरलेल्या घरगुती उद्योगात शाळेच्या वेळेनंतर हातभार लावण्याची मुभा राहिली. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये केलेला युक्तिवाद आजही तितकाच लागू आहे. मूल कामावर नसेल तर ते शाळेत असले पाहिजे आणि शाळेत असेल तर ते तिथे टिकेल अशी तजवीज झाली पाहिजे.

भंडाऱ्याने १९५४ मध्ये त्यांना लोकसभेत पाठवले नाही. मात्र संध्याकाळचे घरकाम आटोपून दिव्याखाली वही उघडणारी भंडाऱ्यातली मुलगी आज ज्या हक्काने शाळेत जाते, त्या हक्कामागे परळच्या खोलीत रात्री दोनला उठणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे जागरण आहे.